हमी, हक्क आणि करार : १९७९ सालची दोन वचने

१

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात हसनाबाद हे गाव आहे. तालुक्याचे नाव ‘भोगवर्धन’ या प्राचीन नगरनामापासून आलेले. सांची व भारहुत येथील दानलेखांत या नगरातील दात्यांचा निर्देश सापडतो. गावाच्या नावातील ‘आबाद’ हे उत्तरपद फारसी असून त्याचा अर्थ वसलेले, लागवडीखाली असलेले, भरभराटलेले असा आहे. एक नाव संस्कृतातून आले, दुसरे फारसीतून. समृद्धीचा संकेत मात्र दोहोंतही आहे. मराठवाड्याच्या या कोरडवाहू भागाने अवर्षणाची जी वर्षे पाहिली, त्यांच्याशी ही नावे ताडून पाहिली असता नाव आणि स्थिती यांतील अंतर मनात भरते.

अशा गावातील भूमिहीन मजुराला इ. स. १९७९ मध्ये दोन वचने मिळाली. पहिले २६ जानेवारी १९७९ रोजी : त्या दिवशी महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम अमलात आला. दुसरे चौऱ्याहत्तर दिवसांनी, १० एप्रिल १९७९ रोजी : त्या दिवशी भारत हा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. पहिले वचन राज्याने आपल्या ग्रामीण रहिवाशाला दिले. दुसरे राष्ट्राने इतर राष्ट्रांना दिले. विषय मात्र एकच होता. काम करू इच्छिणाऱ्या माणसाला काम मागण्याचा हक्क आहे काय, आणि असल्यास तो मोडला तर पुढे काय, हा तो विषय होय. ही दोन वचने कशी घडली, त्यांच्या शब्दयोजनेत कोणता भेद होता आणि त्या भेदाचे परिणाम काय झाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दांचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. ‘हक्क’ हा शब्द अरबी. सत्य, आणि त्यावरून ज्याचे त्याला देणे असलेले, हा त्याचा मूळ अर्थ. मराठी कागदपत्रांत तो विपुल आढळतो. परंतु तेथे तो बहुधा वतनदाराचा असतो. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांचे हक्क, लवाजमे व मानपान यांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले व महजर झाले. बलुतेदारालाही खळ्यावरच्या धान्याचा वाटा मिळे, पण तो विशिष्ट सेवेच्या बदल्यात. माणूस म्हणून माणसाला असलेला हक्क ही कल्पना त्या व्यवहारात नव्हती.

बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले अशी परंपरा महाराष्ट्रात व मराठवाड्यात सांगितली जात असे. हा शब्दप्रयोग बोधप्रद आहे. त्या हक्कांची दुसरी बाजू म्हणजे गावकीची अमर्याद सेवा होती. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतनी कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. जो हक्क माणसाला एका जागी व एका कामाला जखडून ठेवतो, तो सोडण्याची मोकळीक हाच त्याला खरा हक्क वाटतो, हे त्या लढ्याने स्पष्ट केले.

याच शब्दकुळाच्या पलीकडे ‘वेठ’ आणि ‘बिगार’ उभे आहेत. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’ या शब्दाचा वारस, ‘बिगार’ फारसी. दोन्ही भाषांतून आलेले दोन शब्द एकमेकांस जोडून मराठीने ‘वेठबिगार’ असा समास केला, यावरून त्या प्रथेची दोन्ही राजवटींतील व्याप्ती ध्यानी येते. याउलट ‘रोज’ म्हणजे दिवस. मराठीत त्याचा अर्थ दिवसाची मजुरी असाही झाला. ‘रोजाने जाणे’ या प्रयोगात दिवस आणि भाकरी ही एकाच शब्दात बसलेली आहेत. रोज गेला म्हणजे दिवस गेला आणि मजुरीही गेली. ‘रोजगार हमी’ या कायद्याच्या नावाचा अर्थ खेड्यात कोणालाही समजावून सांगावा लागला नाही, याचे कारण हेच होय.

३

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘हक्क’ शब्दाचा धनी बदलला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमातील पुरुषवाचक शब्द जाऊन सर्व मानवांचा बोध करणारा शब्द यावा, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी धरला होता. परंतु जाहीरनामा तो जाहीरनामाच. जे जाहीर केले ते सर्वांनी ऐकले, इतकाच त्याचा कायदेशीर भार. बंधन येते ते करारनाम्याने. ‘करार’ या अरबी शब्दात स्थैर्य व निश्चय हे अर्थ आहेत, आणि करारास निदान दोन पक्ष लागतात.

करारनामा तयार होण्यास अठरा वर्षे लागली. १६ डिसेंबर १९६६ रोजी आमसभेने एकाऐवजी दोन करार स्वीकारले : एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. पस्तीस राष्ट्रांची मान्यता मिळाल्यावर दुसरा करार ३ जानेवारी १९७६ रोजी अमलात आला. त्याच्या सहाव्या कलमात काम करण्याचा हक्क, सातव्यात न्याय्य वेतन व कामाची योग्य परिस्थिती, आठव्यात कामगार संघटना व संप, आणि अकराव्यात अन्नवस्त्रनिवाऱ्यासह पुरेसे जीवनमान यांचा समावेश आहे.

या कराराची क्रियापदे काळजीपूर्वक वाचली पाहिजेत. कामाच्या बाबतीत राष्ट्रे हक्क ‘मान्य करतात’ व त्याच्या रक्षणार्थ योग्य पावले उचलण्याचे कबूल करतात. दुसऱ्या कलमानुसार ही पावले उपलब्ध साधनसंपत्तीच्या कमाल मर्यादेपर्यंत, आणि हक्कांची पूर्ण सिद्धी उत्तरोत्तर व्हावी अशा रीतीने उचलावयाची आहेत. ‘हमी’ हा शब्द त्या कलमात येतो तो दुसऱ्याच संदर्भात : हक्कांचा उपभोग कोणताही भेदभाव न होता घेता येईल याची हमी राष्ट्रे देतात. म्हणजे कामाची मान्यता आणि समतेची हमी, अशी ही रचना आहे. जे आज देता येईल ते सर्वांना सारखे द्या. जे देता येत नाही त्याकडे चालत राहा.

भारतीय राज्यघटनेची भाषा या रचनेच्या अगदी जवळची आहे. कलम ४१ नुसार राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत कामाच्या हक्काची तरतूद करावयाची आहे. कलम ४३ निर्वाह वेतनाचा निर्देश करते. परंतु ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत, असे कलम ३७ सांगते. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेण्याजोगा आहे. घटनेत कुवतीची ‘मर्यादा’ कुंपणासारखी आहे. तिच्या आत जे बसेल ते करावे. करारात तीच मर्यादा गाठावयाचे ठिकाण आहे, तिच्यापर्यंत जावे. शब्द जवळपास सारखे, पण त्यांची दिशा निराळी.

४

महाराष्ट्राने या प्रश्नाला उत्तर शोधले ते ग्रंथांतून कमी आणि दुष्काळातून अधिक. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश अमलाखालील प्रांतांत दुष्काळ-संहिता तयार झाल्या. धडधाकटांना कामावर घ्यावे, अपंगांना धर्मादाय द्यावा, आणि मजुरी प्राण टिकण्यापुरती असावी, ही त्यांची सामान्य रीत होती. या व्यवस्थेचा आरंभबिंदू शासनाची घोषणा हा होता. सरकारने दुष्काळ जाहीर करावा, मग कामे निघावीत. उपाशी माणसाची भूक हा पुरावा खरा, पण त्याची मागणी हा कायद्याचा आधार नव्हता.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पिके सलग बुडाली होती. तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा, ज्यात भोकरदन तालुका मोडत असे, अत्यंत पीडित जिल्ह्यांपैकी एक होता. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती अशी कामे गावोगाव निघाली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ४९ लाखांवर पोहोचली. मिलो आणि सुकडी हे दोन शब्द त्या पिढीच्या बोलीत कायमचे राहिले. कामे अपुरी पडत तेथे मजुरांचे मोर्चे निघत. काम मागणे ही याचना न राहता संघटित मागणी होऊ लागली, हे त्या दोन वर्षांचे महत्त्वाचे फलित होय.

विचाराची पूर्वतयारी आधीच झाली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास रोजगाराचा एक प्रयोग सुरू केला होता व मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे त्याचा पुरस्कार केला होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील दारिद्र्याच्या अभ्यासात ग्रामीण सार्वजनिक कामांची योजना आग्रहाने मांडली होती. १९७२ मध्ये घोषित झालेली रोजगार हमी योजना दुष्काळी कामांच्या लाटेत मागे पडली आणि ती लाट ओसरल्यावर पुन्हा हाती घेण्यात आली.

पैशाची सोय हा तिचा सर्वांत धीट भाग होता. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला. विक्रीकर, मोटार वाहने व बागायत जमिनी यांवरही भार टाकण्यात आला. आणि जमा झालेल्या रकमेइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. मुंबईतील पगारदाराच्या वेतनातून कापलेली रक्कम भोकरदन तालुक्यातील बांधाच्या मातीपर्यंत जाण्याचा हा मार्ग होता. कर देणाऱ्याला मजूर दिसत नव्हता, मजुराला कर देणारा. परंतु दोघांमध्ये कायद्याने नाते निर्माण केले होते.

५

डिसेंबर १९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमी विधेयक एकमताने संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ते २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाले. त्यातील मुख्य वाक्याचा कर्ता राज्य नसून मजूर आहे. राज्याच्या ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस अकुशल अंगमेहनतीचे काम मिळण्याचा व त्याची मजुरी दर आठवड्याला, किंवा कोणत्याही परिस्थितीत पंधरवड्याच्या आत, मिळण्याचा हक्क राहील, असा त्याचा आशय होता. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यावा, अशीही तरतूद होती. दिवसांच्या संख्येला वरची मर्यादा नव्हती. हक्क कुटुंबाचा नसून व्यक्तीचा होता. त्यामुळे स्त्रीला तो आपल्या नावाने मागता येत असे. मजुरी कामाच्या मोजमापावर असल्याने स्त्रीपुरुषांचे दर सारखे होते, आणि या कामांवर स्त्रियांची संख्या सतत मोठी राहिली.

या पार्श्वभूमीवर १० एप्रिल १९७९ ची घटना पाहावी. मोरारजी देसाई यांच्या सरकारच्या काळात भारताने दोन्ही करारांत प्रवेश केला; करारातील तरतुदीप्रमाणे तीन महिन्यांनी, १० जुलै रोजी, त्यांचे बंधन सुरू झाले. प्रवेश करताना भारताने काही निवेदने जोडली. स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय सत्तेखालील लोकांपुरता समजावा. चौथे व आठवे कलम राज्यघटनेच्या कलम १९ शी सुसंगत रीतीने लागू व्हावे. आणि बढतीतील समान संधीसंबंधीचे सातव्या कलमातील उपकलम घटनेच्या कलम १६ (४) शी सुसंगत राहावे, अशी ती होती. कामाच्या हक्काच्या सहाव्या कलमाला किंवा जीवनमानाच्या अकराव्या कलमाला मात्र कोणतीही अट जोडली गेली नाही. म्हणजे हसनाबादच्या मजुराशी ज्यांचा निकटचा संबंध, तीच कलमे भारताने विनाशर्त स्वीकारली.

तथापि भारतात आंतरराष्ट्रीय करार आपोआप कायदा होत नाही. कलम २५३ नुसार संसदेने कायदा करावा लागतो. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमाने या कराराचा उल्लेख केला, परंतु भारतातील न्यायालयांकडून अमलात आणता येतील असेच हक्क त्या व्याख्येत बसविले. म्हणून करार आणि अधिनियम ही दोन वचने एकमेकांना पूरक ठरतात. कराराला व्याप्ती आहे, पण मुदत नाही. अधिनियमाला मुदत होती, दंड होता, आणि मागणी नोंदविण्याची जागा होती. त्याची व्याप्ती मात्र एका राज्यापुरती व एका प्रकारच्या कामापुरती होती.

६

वचनाची परीक्षा ते पाळण्यात होते. बेकारी भत्ता प्रत्यक्षात फारच क्वचित दिला गेला. यावरून सर्वांना काम मिळत होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पंधरा दिवसांची मुदत मोजण्यासाठी आरंभाची तारीख लागते, आणि ती तारीख ठरते मागणीअर्जाच्या पोचपावतीने. तोंडी मागणी झाली, किंवा अर्ज घेऊन पावती दिली नाही, तर मुदत सुरूच होत नाही. आणि मुदत सुरू न झाल्यास भत्ताही देय होत नाही. निरक्षर मजुराच्या बाबतीत हक्काचे सारे ओझे अशा रीतीने एका लेखी कागदावर येऊन पडले. काम निघण्यास सामान्यतः किमान पन्नास मजूर लागत, हीही एक अडचण होती. शिवाय हमी जिल्ह्याच्या पातळीवर असल्याने काम गावाजवळच मिळेल असे नव्हते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला, आणि भोकरदन, जाफराबाद, अंबड व जालना हे तालुके औरंगाबादपासून, तर परतूर परभणीपासून वेगळे झाले. त्यामुळे हसनाबादच्या मजुराच्या दृष्टीने ‘जिल्ह्यात काम’ या शब्दांचा भूगोल लहान झाला, ही प्रशासकीय बदलाची एक न बोलली गेलेली बाजू होय.

मजुरीच्या प्रश्नावर न्यायालयांनी जुना शब्द नव्याने वापरला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड कामगारांच्या प्रकरणात असे ठरविले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हे घटनेच्या कलम २३ ने निषिद्ध केलेल्या सक्तीच्या श्रमात मोडते. १९८३ मध्ये राजस्थानातील दुष्काळी कामांच्या प्रकरणात हेच तत्त्व दुष्काळनिवारणाच्या कामांना लागू झाले. भुकेमुळे पत्करलेले काम हीही वेठच, हा त्याचा अर्थ. दुष्काळ-संहितेची प्राण टिकण्यापुरती मजुरी यानंतर कायद्यात टिकणे शक्य नव्हते.

परंतु एका हक्काच्या वाढीने दुसरा हक्क आकुंचित होऊ शकतो, हे महाराष्ट्राने लवकरच अनुभवले. १९८८ मध्ये शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट झाले व त्याबरोबर रोजगार हमीची मजुरीही वाढली. रॅव्हॅलियन, दत्त व चौधुरी या अभ्यासकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, या वाढीनंतर कामांचा पुरवठा मागणीच्या प्रमाणात न राहता मर्यादित होऊ लागला. कायद्याचे एकही अक्षर बदलले नव्हते. न्याय्य वेतन हे कराराचे सातवे कलम, काम हे सहावे. दोन्ही एकत्र पाळावयाचे तर ‘कमाल साधनसंपत्ती’ या शब्दांना खरोखरीच कमाल व्हावे लागते. ते झाले नाही, तेव्हा शासनाला ज्या हक्काची टंचाई करणे सोपे होते त्याची टंचाई झाली.

७

महाराष्ट्राचा प्रयोग पुढे राष्ट्राने स्वीकारला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने, जो २ फेब्रुवारी २००६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला, प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली. पंधरा दिवसांची मुदत महाराष्ट्रातून जशीच्या तशी तेथे गेली. व्यक्तीच्या जागी कुटुंब आले, आणि अमर्याद दिवसांच्या जागी शंभर. अकुशल मजुरीचा खर्च केंद्राने व बेकारी भत्त्याचा राज्याने सोसावा, अशी विभागणी होती. हमी एकाची आणि ती मोडल्याचा भुर्दंड दुसऱ्याला, अशी ही रचना झाली. शंभर दिवसांपलीकडील कामाचा भार महाराष्ट्राने आपल्या जुन्या कायद्याच्या आधाराने स्वतःकडे ठेवला.

मे २००८ मध्ये जिनिव्हा येथे आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीपुढे भारताच्या अहवालाची तपासणी झाली. दुसऱ्या ते पाचव्या अशा चार अहवालांचे एकत्रीकरण करून तो सादर झाला होता. करारात राष्ट्राची जबाबदारी पाहण्याचे साधन म्हणजे हा अहवाल. व्यक्तीला तक्रार करण्याची वाट ऐच्छिक मसुद्याने खुली होते. तो १० डिसेंबर २००८ रोजी स्वीकारला गेला व ५ मे २०१३ रोजी अमलात आला; भारत त्यात सामील झालेला नाही. तेव्हा हसनाबादहून जिनिव्हाला जाणारा कागद राष्ट्राच्या अहवालाखेरीज दुसरा नाही. त्या अहवालात गाव येत नाही, आकडा येतो.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात दिवसांची संख्या शंभरावरून एकशे पंचवीस झाली. त्याचबरोबर बहुतेक राज्यांवर खर्चाचा चाळीस टक्के वाटा आला व राज्यवार तरतूद केंद्राने निश्चित करावी असे ठरले. दिवस वाढले ही गोष्ट उघड आहे. परंतु १९७९ पासून विचारला जाणारा प्रश्न दिवसांच्या संख्येचा नाही. कामाचा आरंभ मजुराच्या मागणीने व्हावा की आधी ठरलेल्या तरतुदीने, हा तो प्रश्न आहे. दुष्काळ-संहितेत आरंभ घोषणेने होई. १९७९ च्या अधिनियमाने तो मागणीकडे आणला. पुढील कोणत्याही कायद्याची पारख या एका कसोटीवर करता येईल.

८

या इतिहासातून एवढे निश्चित म्हणता येते की, आंतरराष्ट्रीय करार आणि गावचा हजेरीपट यांत वाटते तितके अंतर नाही. कराराने हक्काला नाव दिले व तो भेदभावाविना सर्वांचा असल्याचे राष्ट्राकडून वदवून घेतले. वतनदाराच्या हक्कापासून माणसाच्या हक्कापर्यंतचा प्रवास त्यात पूर्ण झाला. अधिनियमाने त्या नावाला तारीख, ठिकाण आणि रक्कम दिली. तारखेवाचून नाव हे जाहीरनाम्यापलीकडे जात नाही, आणि नावावाचून तारीख ही शासनाच्या कृपेची गोष्ट राहते.

२०१२-१३ च्या अवर्षणात जालना जिल्हा पुन्हा होरपळला, तेव्हा १९७२ पाहिलेली माणसे अद्याप हयात होती. त्यांच्या तरुणपणी दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहावी लागली होती. त्यांच्या नातवंडांना काम मागता येत होते. चाळीस वर्षांतील हे अंतर लहान नव्हे. ‘आबाद’ हा शब्द ज्या गावाने आपल्या नावात धारण केला आहे, तेथे तो खरा ठरावयाचा तर आधी पाऊस हवा, हे खरेच. पण पाऊस न पडलेल्या वर्षी मागणीअर्ज घेऊन त्यावर तारीख घालणारा आणि पावती फाडून हातात देणारा कारकून हवा. राष्ट्राने १० एप्रिल १९७९ रोजी जे मान्य केले, ते त्या पावतीवर उतरते तेव्हाच हसनाबादला पोहोचते.